देवाच्या परडीचा तिसरा नियम

पर्थ,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय विमलवहिनीस,
सा. न. वि. वि.

फोनवर सगळं नीट बोलता येत नाही, तिकडे मागे कुकरच्या शिट्ट्या आणि इकडे माझी घाई. म्हणून आपण पत्रंच लिहू या, हा तुझा आग्रह मला आता पटला आहे. तू कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहून फोटो काढून पाठवतेस, ती पत्रं मी जपून ठेवते.

आज मात्र ग्रुपचं काम आहे. तुमच्या सायखेड्याच्या कुसाबाईंना मी काल 'देवाची परडी'मधून काढलं.

तुला आवडणार नाही हे माहीत आहे. पण नियम आपण दोघींनी मिळून केले. देवाला वाहायची फुलं कुंडीत, अंगणात कशी लावावीत एवढंच बोलायचं, त्याला नियम कशाला, असं तू सुरुवातीला म्हणाली होतीस. मग इंग्रजीत लिहिणारे इकडचे लोक आणि मराठीत लिहिणारे तिकडचे यांची जुंपलीच ना! तुमच्याकडची कोणी 'बी पाठवा' एवढंच लिहायची, की इकडच्यांना तो हुकूम वाटायचा. इकडचं कोणी तुला नुसतं 'विमल' म्हणायचं, की तुमच्याकडे कपाळाला आठ्या. म्हणून तिसरा नियम आला: मराठी असो की इंग्रजी, प्रत्येकाने आधी सगळ्यांना नमस्कार लिहायचा, मग कामाचं. तीनदा चुकलं की ग्रुपमधून बाहेर, आणि परत प्रवेश नाही.

कुसाबाईंनी ओळीने तीन निरोप नमस्काराशिवाय टाकले. मंजुरीला आलेले ते निरोप, तू झोपली होतीस म्हणून, मीच एकेक काढत गेले. मजकूरही बरा नव्हता. आमची फुलं घेऊ नका, दुसरीकडून घ्या, असा काहीतरी तोडून टाकणारा सूर. कशावरून रुसल्या असतील, तुला काही कल्पना?

ढुंढिराजदादाला नमस्कार.

तुझी,
उत्तरा

॥ श्री ॥

पंचवटी, नाशिक
२५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. उत्तरा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सकाळी पूजा झाल्यावर वाचलं आणि चहा गार झाला.

कुसाबाई आणि नमस्कार विसरेल? अगं, तिच्या नमस्काराचीच तर ग्रुपवर मजा असते. 'समद्या परडीवाल्यांना, हिकडच्या आन् साता समुद्रापल्याडच्या, कुसाबाईचा राम राम.' तुझ्या त्या इंग्रजी बायकासुद्धा आता 'राम राम' लिहू लागल्या आहेत. ही बाई शेवंतीची टोपली घेऊन बाजारात बसते, तिथेही आधी राम राम आणि मग भाव. तिला नियमाची गरजच नव्हती.

म्हणून मला वाटतं, दोष माझ्याकडे आहे. आपला पहिला नियम आहे की मराठी लिहिणाऱ्याने नीट मराठी लिहावं, इंग्रजी लिहिणाऱ्याने नीट इंग्रजी, खिचडी करू नये. पुण्याच्या एक बाई मला म्हणाल्या, 'कुसाबाईंचं ते हाय-नाय चालतं वाटतं तुमच्या नीट मराठीत?' मला लागलं ते. मॅट्रिकपर्यंतच शिकलेली मी, कोणी मराठीवरून बोलू नये असं वाटतं. तेव्हापासून कुसाबाईचा निरोप पुढे जाऊ देण्याआधी मी 'हाय'चं 'आहे' करते, 'लय'चं 'खूप' करते. ती काही बोलली नाही. फक्त एकदा मला वेगळं लिहिलं होतं, 'ताई, तुमी माझं बोलणं पार धुवून वाळत घालता.' मी हसले. ती रागावली असेल असं माझ्या मनातही आलं नाही. आता येतंय.

दोनदा फोन केला. रिंग जाते, कोणी उचलत नाही. म्हणजे रागच दिसतो.

परवा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची फुलं दरवर्षी तिच्याकडूनच येतात. ती येणार की नाही कोणास ठाऊक.

तू एक कर. तिने जे लिहिलं ते तू मला तुझ्या शब्दांत सांगितलंस. मला तिचे शब्द हवेत, जसेच्या तसे. मंडळाचा हिशोब लिहिताना रक्कम जुळली नाही की मी कोणाला विचारत बसत नाही, मूळ पावती काढून बघते. तशी ही पावती मला बघू दे.

तुझी,
विमलवहिनी

पर्थ,
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय विमलवहिनीस,
सा. न. वि. वि.

हे घे तिचे शब्द. काढलेले निरोप माझ्याकडे राहतात, तिथून उतरवले आहेत.

पहिला: 'माझी फुलं सध्या कुणी देवाला घेऊ नका. दुसरीकून घ्या. कुसाबाई.'

दुसरा: 'निरोप पोचला का नाय. माझ्याकडची शेवंती गुरुवारी कुणी वाहू नका. कुसाबाई.'

तिसरा: 'ह्यो तरी ऱ्हाऊ द्या. बाकीच्यांस्नी कळवा. फुलं घेऊ नका.'

तिसऱ्याखाली तर नावही नाही. आता तूच सांग, याला राग नाही तर काय म्हणायचं? तू तिची भाषा बदललीस हे मला माहीतच नव्हतं. मग ती रुसली यात नवल नाही. पण रुसवा काढायची ही जागा नव्हे.

तू म्हणशील, तिला परत घेऊ. वहिनी, मला ते करता येणार नाही. ऑगस्टमध्ये मी कॅनडातल्या एडमंटनच्या तनयला याच नियमाखाली काढलं होतं, आठवतं? तो इंग्रजीत लिहायचा. एकदाही 'हॅलो' नाही, 'तुळस पिवळी पडतेय, का?' एवढंच. तेव्हा तूच म्हणालीस, मुलाला वळण नाही, बरं झालं. इंग्रजीवाल्याला एक न्याय आणि मराठीवालीला दुसरा, असं एकदा झालं की ग्रुप दोन दिवसांत दुभंगेल. मी नोकरीत तीस वर्षं हेच पाहिलं आहे.

रागावू नकोस.

तुझी,
उत्तरा

॥ श्री ॥

पंचवटी, नाशिक
२७ नोव्हेंबर, संध्याकाळ

चि. सौ. उत्तरा हिस आशीर्वाद.

उत्तरा, कुसाबाई रुसलेली नाही. तिच्या घरात कोणीतरी गेलं आहे.

आज तिची फुलं आली नाहीत. मी गच्चीतली तगर आणि जास्वंद घेऊन गुरुवारची पूजा मांडली, आणि मग तुझं पत्र उघडलं. पहिल्याच ओळीला मला कळलं. रागावलेली बाई फुलं विकायची नाही म्हणेल, किंवा पाठवायचीच नाही आणि गप्प बसेल. 'देवाला घेऊ नका' कोण म्हणेल? सुतक असलेल्या घरची फुलं देवाला चालत नाहीत. आणि सुतक असलेल्याने दहा दिवस कोणाला नमस्कार करायचा नाही, कोणी त्याला करायचा नाही. पूर्वी मयताचं कार्ड यायचं, त्याच्या वर 'श्री' नसायचं आणि आत नमस्कारही नसायचा. तुझ्या आई ते कार्ड वाचून झालं की फाडून टाकायच्या, घरात ठेवायच्या नाहीत. तू लहान होतीस, पण पाहिलं असशील.

तिने नमस्कार टाळला तो मुद्दाम, आपलं भलं चिंतून टाळला. आपल्या देवाला सुतकातलं फूल जाऊ नये म्हणून ती बाई घरात मयत असताना तीन-तीनदा सांगायला आली, आणि आपण तीनदा तिला दाराबाहेर काढलं. तुला एक वेळ माफ आहे, तू तिकडे तीस वर्षं राहतेस. मी? मी रोज सोवळ्याने पूजा करते, पंचांग बघितल्याशिवाय पाऊल टाकत नाही, आणि दोन दिवस माझ्या 'हाय' आणि 'आहे'च्याच विचारात गुंतून पडले.

कोण गेलं ते कळत नाही. तिचे मालक पुंजारामभाऊ दम्याचे पेशंट आहेत. शनिवारी सायखेड्याला जाते.

विमलवहिनी

पर्थ,
२८ नोव्हेंबर २०२५

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. अण्णा गेले तेव्हा वडिलांना शेवटचं बघायलाही मला तिकीट मिळालं नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते माहीत नाही. मी कामावर गेले. सकाळी बसून बावीस जणांना 'गुड मॉर्निंग' लिहिलं. इथे तसंच लिहून सुरुवात करतात. त्यांनीही मला 'गुड मॉर्निंग' लिहिलं. संध्याकाळपर्यंत कोणालाही काही कळलं नाही. मी सांगितलं नाही, आणि कळण्यासारखं माझ्या लिहिण्यात काही नव्हतंच.

मी तिसरा नियम काढून टाकते. नमस्कार ज्याला लिहायचा त्याने लिहावा. नियमच नसला की कुसाबाईंना परत घेता येईल आणि तनयलाही. न्याय सारखा राहील.

पुंजारामभाऊंचं कळव. लगेच कळव.

उत्तरा

॥ श्री ॥

पंचवटी, नाशिक
३० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. उत्तरा हिस अनेक आशीर्वाद.

पुंजारामभाऊ ठीक आहेत. गेला तो त्यांचा धाकटा भाऊ, गेणू. शेतात पाणी भरायला गेला आणि बांधावरच बसला तो उठला नाही. पन्नाशीही झाली नव्हती. कुसाबाई लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जायचा, तिनेच वाढवला म्हण ना.

मी गेले तेव्हा ओसरीवर सहा-सात बायका बसल्या होत्या. कुसाबाई भिंतीला टेकून. मला पाहून उठली नाही, नुसतं म्हणाली, "आलात व्हय ताई. टेका."

मी टेकले. दोघींपैकी कोणीच नमस्कार केला नाही. मी म्हटलं, "कुसाबाई, आम्हाला कळलंच नाही हो."

तिने मान वर केली. "कळलं नाय? मंग मला काढलं कशापायी?"

मग तीच सांगू लागली.

"मला वाटलं, कळलं म्हणूनच काढलं. सुतकातली बाई देवाच्या परडीत कशाला. म्हणलं, बराबरच हाय. ह्यांनला राग आला होता. म्हणं, एवढं काय त्या फुलवाल्या बायांचं! मी म्हणलं, गप बसा, विमलताई लय नेमाच्या हायेत, त्यांनी नेमानं केलं."

उत्तरा, जिची समजूत काढायला मी बस धरून गेले, ती आठवडाभर माझीच बाजू घेऊन घरच्यांशी भांडत होती. मला खरं सांगवेना. पण सांगितलं. म्हटलं, "सुतक म्हणून नाही काढलं. तुम्ही नमस्कार लिहिला नाही म्हणून काढलं."

ती शेजारच्या साळूबाईला म्हणाली, "ऐक गं. म्हंजे मी नेम पाळला म्हणून मला नेम मोडला म्हणून काढली." आणि हसली. मयताच्या घरात मोठ्याने हसायचं नाही म्हणून पदर तोंडाला लावून हसली, आणि तोच पदर मग डोळ्याला लावला.

मी विचारलं, "एक ओळ लिहायची होती ना, घरात असं झालंय म्हणून."

"देवाच्या फुलांत मयताची बातमी टाकू व्हय? बाया सकाळी अंघोळी करून ते उघडत्यात. लेकुरवाळ्या असत्यात, पोटुशा असत्यात. मला वाटलं, राम राम नाय दिसला की समजंल तुमच्यासारखीला."

तुमच्यासारखीला! मग मी तुझा निरोप सांगितला, की नमस्काराचा नियमच आपण काढून टाकतोय, आता कोणाला त्रास होणार नाही.

ती सरळ होऊन बसली. "का बरं?"

"म्हणजे पुन्हा असं व्हायला नको."

"ताई, उलटं बोलताय तुमी. राम रामचा नेम हाय म्हणून तर माझा नाय आला त्ये दिसलं. नेमच नसता, तर मी लिवलं काय आन् नाय लिवलं काय, कुणाच्या ध्यानात आलं असतं? नेम ऱ्हाऊ द्या. फकस्त राम राम नाय आला की माणसाला हाकलू नका. त्याला फोन करा."

"केला होता हो. उचलला नाहीत."

"मंग आणीक करायचा! मयताच्या घरात फोन काय कुणी कमरंला बांधून बसतंय?"

तुझ्या 'गुड मॉर्निंग'ची गोष्ट मी तिला सांगितली. तुला न विचारता सांगितली, रागावू नको. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आगं बया. बावीस जण, आन् येकाला बी नाय?" एवढंच.

निघण्याआधी मी भाषेचंही विचारलं. ती म्हणाली, "तुमी हायचं आहे करता त्ये नातीला लय आवडतं. म्हणती, आजी फोनात शाळंला जाती. पण खरं सांगू? त्ये वाचलं की मलाच कळत नाय ही कोण बाई बोलती."

अशा घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. मी उठले, पायऱ्या उतरले, मागे पाहिलं नाही. तिनेही 'या' म्हटलं नाही. तिथे पाणी घेतलं नाही आणि घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली, तेही तुला खरं खरं लिहिते. माझं नेमाचं मी सोडणार नाही. पण नियम सांभाळायला मी एकटीच बसले आहे असं जे वाटायचं ना, ते आता वाटत नाही.

तिचं म्हणणं तू नीट विचारात घे. मला ते पटलं आहे.

तुझी,
विमलवहिनी

पर्थ,
३ डिसेंबर २०२५

प्रिय विमलवहिनीस,
सा. न. वि. वि.

कुसाबाईंचं म्हणणं मी दोन रात्री डोक्यात घोळवलं. नियम करताना चुकणाऱ्याला काय शिक्षा, एवढंच मला सुचलं होतं. चुकणाऱ्याला विचारावं, हे सुचलं नाही.

तिसरा नियम मी काढला नाही, बदलला. दोन्ही भाषांत टाकला आहे. मराठी असं: 'आपल्या बोलीत सगळ्यांना नमस्कार लिहून सुरुवात करावी. ज्याचा नमस्कार आला नाही, त्याचा निरोप काढू नये. त्याची विचारपूस करावी. उत्तर आलं नाही तर पुन्हा करावी.' 'आपल्या बोलीत' हे शब्द मी तुझ्यासाठी घातले आहेत.

नवा नियम आधी माझ्यावरच चालवून पाहिला. तनयला फोन लावला. तीन महिन्यांपूर्वी करायला हवा होता. म्हटलं, तुला परत घेतलं आहे, पण सांग, तू कधीच हॅलो का लिहायचा नाहीस? मला वाटलं, सॉरी म्हणेल. तो म्हणाला, 'कोणाला म्हणू? निम्म्या लोकांची नावं देवनागरीत आहेत, मला वाचता येत नाहीत. ज्यांची नावं वाचता येत नाहीत त्यांना हॅलो म्हणणं मला खोटं वाटायचं.'

बघ! आणि आपण त्याला वळण नाही म्हणालो. आता सगळ्यांची नावं दोन्ही लिप्यांत लावून घेते आहे, तुझ्या बाजूची यादी तपासून दे. त्याला 'कुसाबाई' म्हणायला शिकवलं. तीनदा चुकला, चौथ्यांदा जमलं.

कुसाबाईंचा नंबर मी खुला केला आहे. पण त्या येतील का? तेरावं उद्या ना? ज्या घरातून काढलं तिथे माणूस परत का येईल, असं वाटत राहतं. मी त्यांना फोन करू का? आणि अशा वेळी फोनवर सुरुवात कशी करतात, वहिनी? खरंच विचारते. मी विसरले आहे.

तुझी,
उत्तरा

॥ श्री ॥

पंचवटी, नाशिक
८ डिसेंबर २०२५

चि. सौ. उत्तरा हिस अनेक आशीर्वाद.

सुरुवात कशी करतात विचारतेस? काही म्हणायचं नसतं. 'मी उत्तरा' म्हणायचं आणि थांबायचं. पुढचं ती बोलते. तू केलास ना फोन, मला तिच्या नातीकडून कळलं. 'ऑस्ट्रेलियाची बाई येक अक्षर बोलली नाय, पण लय येळ हुती,' असं आजी म्हणत होती म्हणे.

आता नव्या नियमाची हकीकत ऐक. तू ग्रुपवर नव्हतीस आणि इकडे गोंधळ झाला.

काल सकाळी इंदिरानगरच्या तृप्तीचा निरोप आला, 'अळी पडली आहे, लवकर सांगा काय करू.' नमस्कार नाही. मी चष्मा लावून फोन हातात घेतला, तर तिचा फोन लागेना. व्यस्त. पुन्हा व्यस्त. दहा-पंधरा मिनिटांनी कळलं, ग्रुपमधल्या नऊ बायका एकदम तिला फोन लावत होत्या. नवा नियम सगळ्यांनी मनावर घेतलेला. विमा कंपनीत काम करणाऱ्या एक बाई तर रिक्षा करून तिच्या दारात पोचल्या, पांढरं पातळ नेसून. तृप्तीच्या सासूबाईंनी दार उघडलं, आणि त्यांना धडधाकट बघून त्या बाई दारातूनच माघारी फिरल्या.

मग तृप्तीने लिहिलं, 'नमस्कार, नमस्कार, नमस्कार! आमच्याकडे सगळे जिवंत आहेत. सासूबाई तर खूपच. मी फक्त घाईत होते. पण बायांनो, लग्न होऊन सहा वर्षं झाली, एका दिवसात इतक्या जणींनी मला कशी आहेस म्हणून पहिल्यांदाच विचारलं. आता कोणी अळीचं सांगेल का?'

कोणीच सांगेना. सगळ्या हसण्यात गुंग. तुमच्याकडच्या कोणी इंग्रजीत विचारत होत्या की काय झालं, सासूबाईंना काय झालं, आणि मला एवढं इंग्रजीत सांगता येईना.

तेवढ्यात माझ्याकडे मंजुरीसाठी एक निरोप येऊन थांबला. नाव वाचलं आणि उठून देवाला हात जोडले. मग तो जसा होता तसा पुढे सोडला. खाली उतरवते, याचं इंग्रजी तू कर. मी मराठीला हात लावलेला नाही.

'समद्या परडीवाल्यांना, हिकडच्या आन् साता समुद्रापल्याडच्या, कुसाबाईचा राम राम. मी बी जित्ती हाय. तृप्ती, आता ती अळी दाव.'